अठरा तासांत नेमकं काय होतं?

एप्रिल उजाडला की महाराष्ट्रातल्या कितीतरी कॉलेजांत, वसतिगृहांत, वाचनालयांत आणि बुद्धविहारांत एक फलक दिसू लागतो : 'सलग १८ तास अभ्यास'. सकाळी सहाच्या सुमारास मुलंमुली सतरंजीवर नाहीतर बाकांवर येऊन बसतात आणि मध्यरात्री उठतात. मधे चहा, जेवण, पाय मोकळे करणं, एवढंच. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना जयंतीनिमित्त दिलेली ही मानवंदना. एखाद्या नेत्याचा वाढदिवस पुस्तक उघडून साजरा व्हावा, हे मला कुठल्याही मिरवणुकीपेक्षा भारी वाटतं.

पण तो आकडा सभागृहाबाहेर पडला की त्याचं काहीतरी वेगळंच होतं. सेमिस्टर पंधरा दिवसांवर आलेली असते. होस्टेलच्या जिन्यात, कॅन्टीनमध्ये, स्टेटसवर एकच विचारणा : किती तास झाले? चौदा सांगणाऱ्याकडे आदराने बघितलं जातं. पाच सांगणारा मनातल्या मनात स्वतःला नालायक ठरवून मोकळा होतो. काय केलं, कसं केलं, त्यातलं आज किती आठवतंय, हे कोणी विचारत नाही. तास हेच अभ्यासाचं चलन झालंय.

म्हणून एक साधा प्रश्न. ज्या माणसाच्या नावाने अठरा तासांचा दाखला दिला जातो, त्याच्या तासांत नेमकं काय होतं? ते रात्रीचेच का होते? आणि त्यांत काय नव्हतं? शेवटचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

खोलीच्या पाळ्या

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला निवृत्त सुभेदार रामजी सकपाळ कुटुंबाला घेऊन साताऱ्याहून मुंबईला आले आणि परळच्या दाबक चाळीत राहू लागले. खोली एकच. तिथेच चूल, तिथेच धूर, तिथेच भांडीकुंडी आणि जळण, एका बाजूला जातं, जवळच बांधलेली बकरी. धनंजय कीरांनी लिहिलेल्या चरित्रात या खोलीचं वर्णन आहे आणि तिथे अभ्यास कसा व्हायचा तेही. भीमराव संध्याकाळी लवकर झोपायचा. वडील रात्री दोनपर्यंत जागे राहायचे. दोनला मुलाला उठवायचे आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे व्हायचे. मग बिनकाचेच्या रॉकेलच्या दिव्याच्या ढणढणत्या उजेडात मुलाचं वाचन सुरू.

ही गोष्ट आपण लहानपणापासून जिद्दीची गोष्ट म्हणून ऐकतो, आणि ती जिद्दीची आहेच. पण जरा घड्याळाकडे बघा. रात्रीचे दोन ही वेळ कोणी आवडीने निवडलेली नाही. पहाटे स्मरणशक्ती तल्लख असते वगैरे ब्राह्ममुहूर्ताचं शास्त्रही त्यामागे नाही. खोली लहान होती, दोघांना धड झोपता येत नव्हतं, आणि रात्री दोनला ती खोली गप्प असायची. गिरणगावात झोपण्याची जागासुद्धा पाळीने वापरली जायची : दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच जागेवर झोपायचा. रामजींनी मुलासाठी त्या खोलीतली एक पाळी राखून ठेवली होती. त्यासाठी लागणारा जागेपणा त्यांनी स्वतःच्या झोपेतून काढला आणि पुस्तकांचे पैसे मुलींचे दागिने गहाण टाकून उभे केले.

रात्रीचा अभ्यास ही आपल्याकडे ज्यांना दिवस मिळत नव्हता त्यांची गोष्ट आहे. रमाबाई रानड्यांचं उदाहरण घ्या. १८७३ साली वयाच्या अकराव्या वर्षी लग्न होऊन त्या सासरी आल्या. नवरा महादेव गोविंद रानडे, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्यावहिल्या पदवीधरांपैकी एक. त्याने बायकोला शिकवायचं ठरवलं, आणि शिकवणी व्हायची रात्री. दिवस घरातल्या वडीलधाऱ्या बायकांचा, कामाचा आणि त्यांच्या टोमण्यांचा. रमाबाईंच्या 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात हे सगळं आलंय. परळच्या त्या खोलीशी या घराची कशातच तुलना होऊ शकत नाही, जातीत नाही आणि पैशात तर नाहीच. तरी रात्र दोघांनाही लागली, कारण दिवसा जागा नव्हती. एकाला चटईएवढी नव्हती, दुसरीला पुस्तक उघडण्याएवढी.

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. ७५० पैकी २८२ गुण. आजच्या हिशोबाने ३८ टक्क्यांच्या आतच. स्टेटसला कोणी लावणार नाही असा निकाल. वस्तीत मात्र त्याच्या कौतुकाची सभा झाली, कारण तो गुण किती पडले याच्या पलीकडचा निकाल होता. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी त्याला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र दिलं. केळुसकर विल्सन हायस्कूलमधले शिक्षक. संध्याकाळी चर्नी रोडच्या बागेत वाचत बसलेल्या या मुलाला त्यांनी हेरलं होतं. बागेत, कारण पुन्हा तेच : घरात बसायला कुठे?

वही न घेणारे हात

याच चरित्रातला एक तपशील तासांच्या गोष्टीत नेहमी मागे पडतो. शाळेत काही शिक्षक या मुलाच्या वहीला हात लावत नसत. काही तर त्याला प्रश्न विचारत नसत, कविता म्हणून घेत नसत, कारण विटाळ. हायस्कुलात संस्कृत शिकायची इच्छा होती. ते नाकारलं गेलं आणि फारसी घ्यावी लागली.

पाणी न देणं, गोणपाटावर वेगळं बसवणं हे आपल्याला आठवतं, कारण ते डोळ्यांना दिसतं. कविता म्हणून न घेणं हे त्यापुढे किरकोळ वाटू शकतं. मला ते किरकोळ वाटत नाही. शिकणाऱ्या माणसाच्या हातातून अभ्यासाचं निम्मं साधन काढून घेणं होतं ते. का, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागेल.

मराठीत 'म्हणून घेणं' असा एक सुरेख प्रयोग आहे. आई पाढे म्हणून घेते, आजोबा परवचा म्हणून घेतात, मास्तर धडा म्हणून घेतात. म्हणणारा एक आणि घेणारा दुसरा. घेणाऱ्याला स्वतःला सगळं येत असलंच पाहिजे असंही नाही. पुस्तक समोर धरून बसलं तरी चालतं. दिवेलागणीला हातपाय धुऊन मुलं ओळीने बसायची आणि परवचा सुरू व्हायचा : तीसपर्यंत पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. आज साडेतीन साता किती हे विचारलं तर आपला हात खिशातल्या फोनकडे जातो, पण बाजाराचा हिशोब तोंडी करणाऱ्या काळात ती गरजेची गोष्ट होती. याशिवाय महिने, तिथी, नक्षत्रं. रोज. पुस्तक न बघता. चुकलं की तिथल्या तिथे दुरुस्ती.

'अभ्यास' या शब्दाचा मूळ अर्थच पुन्हा पुन्हा करणं असा आहे. पाणिनीच्या व्याकरणात धातूचं द्वित्व होतं तेव्हा त्यातल्या पहिल्या भागाला 'अभ्यास' हे नाव आहे. वेदपाठशाळांत या पुनरावृत्तीची पार कसरत केलेली. घनपाठात शब्द सरळ म्हणत नाहीत : एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन, आणि मग एक शब्द पुढे सरकायचं. नुसत्या लयीवर तरंगत गेलं तर इथे माणूस हमखास आपटतो. प्रत्येक शब्द वेगळा आठवावाच लागतो, आणि समोर गुरू ऐकत असतो. ही सगळी यंत्रणा अर्थ समजण्यासाठी नव्हती, आणि ती मूठभर पुरुषांपुरती बंद होती, हे विसरून तिचं कौतुक करण्यात अर्थ नाही. पण लक्षात कसं राहतं, हे तिला नेमकं कळलं होतं.

एकाने दुसऱ्याला शिकवण्याचंही तसंच. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री १७८९ साली मद्रासच्या अनाथाश्रमाच्या शाळेवर आला. तिथे त्याने मलबारी शाळेत मुलं वाळूत बोटाने अक्षरं गिरवताना बघितली. आपल्याकडची धूळपाटी ती हीच. त्याने ती उचलली आणि थोडं अधिक येणाऱ्या मुलाने कमी येणाऱ्याला शिकवायचं अशी व्यवस्था बसवली. १७९७ साली लंडनला त्यावर पुस्तक काढलं. 'मद्रास पद्धत' म्हणून ती इंग्लंडभर गेली. आपल्याकडून गेलेलं मग तिकडचा शिक्का घेऊन परत आलं, हे नेहमीचंच.

परीक्षा आली, ऐकणारा गेला

१८ जुलै १८५७ रोजी मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला. नमुना लंडन विद्यापीठाचा. म्हणजे विद्यापीठाने शिकवायचं नाही, फक्त परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. सुरुवातीला त्याला स्वतःची इमारतही नव्हती. राजाबाई टॉवर आणि त्याखालचं ग्रंथालय पुरं व्हायला १८७८ साल उजाडलं. इमारतीआधी, वर्गाआधी, ग्रंथालयाआधी जन्माला आली ती परीक्षा.

पहिली मॅट्रिक १८५९ साली झाली. बसले १३२, पास झाले २२. रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या बावीसांतले. १८६२ साली पहिले बी.ए. बाहेर पडले ते चार : रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. पेपर इंग्रजीत, विषय बहुतेक परके, आणि उत्तर तपासणारा माणूस तुम्हाला कधी भेटणार नाही. अशा परीक्षेला माणूस काय करेल? पुस्तक पाठ करेल. तेच झालं. वाचून वाचून रानड्यांची दृष्टी तरुणपणीच अधू झाली. पुढे आयुष्यभर त्यांना वाचून दाखवायला कोणीतरी लागायचं, आणि हे काम पुष्कळदा रमाबाईंनी केलं. ज्या बायकोला चोरट्या वेळेत शिकवलं, तीच नवऱ्याचे डोळे झाली. बाळ गंगाधर टिळकांनी मात्र डेक्कन कॉलेजातलं पहिलं वर्ष ठरवून व्यायामात घालवलं, परीक्षेत नापास झाले, आणि पुढे गणित घेऊन पहिल्या वर्गात बी.ए. झाले. एक वर्ष 'वाया' घालवण्याची ऐपत सगळ्यांची नसते हे खरं. पण त्या काळातही सगळे एकाच घड्याळावर चालत नव्हते, एवढं नोंदवून ठेवतो.

१९०२ साली सरकारने विद्यापीठांच्या कारभाराची चौकशी करायला आयोग नेमला. त्याचं मत असं पडलं की हिंदुस्थानातल्या उच्च शिक्षणाचं सगळ्यात मोठं दुखणं म्हणजे शिकवणं परीक्षेच्या ताबेदारीत गेलंय. सव्वाशे वर्षं होत आली. तुम्ही आजच्या कुठल्याही कॉलेजच्या कट्ट्यावर हे वाक्य म्हणून बघा, कोणाला जुनं वाटणार नाही.

गाईडचा जन्मही याच परीक्षेच्या पोटी. त्या परंपरेतलं उत्तम कामही आहे : मोरेश्वर रामचंद्र काळ्यांच्या संस्कृत नाटक-काव्यांच्या सटीप आवृत्त्या विद्यार्थ्यांसाठीच निघाल्या आणि अजून वापरात आहेत. मग त्याखालच्या पायऱ्या : नोट्स, की, अपेक्षित प्रश्नसंच, आणि आता परीक्षेच्या आदल्या रात्री ग्रुपवर येणारी 'आयएमपी' नावाची पीडीएफ. गाईडला नावं ठेवणं प्राध्यापकांना सोपं जातं. ज्याच्या घरात आधी कोणी कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, ज्याला शंका विचारायला शेजारी कोणी नाही, त्याच्यासाठी गाईड हाच शेजारी असतो. अडचण एवढीच की गाईड बोलतं, ऐकत नाही. परवच्यातली पुनरावृत्ती तेवढी या नव्या अभ्यासात आली, 'घेणारा' माणूस मागे राहिला. उरली ती घोकंपट्टी : तेच पान, तोच पिवळा हायलायटर, पाचव्यांदा.

पाच मिनिटं आणि आठ दिवस

१८८५ साली हेर्मान एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःवरच केलेले प्रयोग छापले. अर्थ नसलेली अक्षरं जुळवून त्याने शेकडो याद्या बनवल्या, पाठ केल्या, आणि किती काळाने त्यातलं किती उरतं ते मोजत बसला. एका तासाने निम्म्याहून जास्त उडालेलं, एका दिवसाने साधारण दोन तृतीयांश. त्यानंतर उडण्याचा वेग मंदावतो. त्याला हेही दिसलं की तेवढाच सराव एका बैठकीत कोंबण्यापेक्षा दिवसांवर पसरला तर कमी कष्टात भागतं.

१९१७ साली आर्थर गेट्सने शाळकरी मुलांवर प्रयोग केले. पाठ करायला दिलेला वेळ नुसता वाचण्यात घालवायचा, की त्यातला काही भाग पुस्तक बाजूला ठेवून म्हणून बघण्यात? जी मुलं अर्ध्याहून जास्त वेळ म्हणण्यात घालवत, त्यांच्या जास्त लक्षात राहिलं. गेट्स न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ तिथेच होते. दोघांचा काही संबंध आला असं मला सुचवायचं नाही, पण ज्या मुलाकडून कविता म्हणून घेतली गेली नाही, त्याच्याच विद्यापीठात म्हणण्याची किंमत मोजली जावी, याची गंमत वाटते. गंमत हा शब्द बरोबर नाही, पण असो.

२००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक या दोघांनी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे : ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने घेतली तर उलटं : पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६.

या पाच मिनिटांतच सगळी फसगत आहे. पान पुन्हा वाचताना ते ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं म्हणजे आलं असं मन ठरवतं. रस्त्यात भेटलेल्याचा चेहरा ओळखीचा असतो, नाव आठवत नाही, तसं पेपरात होतं. न बघता लिहायला बसलं की मात्र अडखळायला होतं, आपल्याला काही येत नाही असं वाटतं, म्हणून ते कोणी करत नाही. आजोबांसमोर सतरा साताला अडखळणारं पोर नेमकं हेच करत होतं.

तेव्हा पंधरा दिवस हातात असतील तर तास मोजण्याआधी एवढं करून बघा. एक प्रकरण एकदा नीट वाचा, पुस्तक मिटा, आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते उतरवा. मग पुस्तकाशी ताडून बघा. तेच दोन दिवसांनी, मग पाच-सहा दिवसांनी पुन्हा. मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका शेवटच्या रात्री 'बघायला' ठेवू नका, पहिल्या आठवड्यात घड्याळ लावून सोडवा. आणि रोज अर्धा तास कोणालातरी समोर बसवून विषय सांगा. रूममेट दुसऱ्या शाखेचा असेल तर उत्तमच. त्याला मागणीची लवचिकता समजली, तर तुम्हाला समजलीय असं धरायला हरकत नाही. फोनवरून आईला सांगितलं तरी चालेल. आपल्या आयांनी न समजणारे पाढेही म्हणून घेतलेत.

लंडनचा घुमट

पुन्हा त्या तासांकडे. १९२० साली बाबासाहेब अर्धवट राहिलेला अभ्यास पुरा करायला लंडनला गेले. शिकवण्याच्या नोकरीतून साठवलेले पैसे, नवल भथेना या मित्राने दिलेलं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत, एवढ्या बळावर. ब्रिटिश म्युझियमचं वाचनालय उघडलं की आत जायचं आणि बंद होताना बाहेर पडायचं. दुपारचं जेवण नाही. रात्री बोव्हरिलचा कप, बिस्किटं, भूक फारच लागली तर ओळखीच्या माणसाने दिलेले पापड. मग खोलीवर पुन्हा वाचन. खोलीतल्या सोबत्याने झोपायला सांगितलं की म्हणायचे, जेवायला पैसे नाहीत आणि झोपायला वेळ नाही, असं कीर लिहितात. अठरा तासांची प्रतिमा मुख्यतः या दिवसांतून आली आहे.

ते वाचनालय काय होतं ते बघा. उंच गोल घुमट, खाली चाकाच्या आऱ्यांसारखी बाकं, प्रत्येकाला स्वतःची जागा आणि टेबल, मागाल ते पुस्तक जागेवर. शुल्क नाही. १८५७ साली ते उघडलं, मुंबई विद्यापीठाचा कायदा झाला त्याच वर्षी. इकडे परीक्षा उघडली, तिकडे वाचायची जागा. आगीच्या भीतीने तिथे दिवे लावत नसत. धुक्याने अंधारलं की वाचक घरी. १८७९ पासून विजेचे दिवे आले आणि संध्याकाळ वाचकांच्या हाती लागली. परळला ज्या मुलाला रात्री दोन वाजता एक पाळी मिळत होती, त्याला इथे पूर्ण दिवस मिळाला. तो दिवसभर बसला यात नवल नाही. तुम्हीही बसला असतात.

आणि आता त्याला ऐकणारे होते. ९ मे १९१६ रोजी कोलंबियात गोल्डनवायझर यांच्या मानवशास्त्राच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातल्या जातींवरचा निबंध वाचला. लंडनला एडविन कॅनन हे त्यांचे प्राध्यापक. रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधाला कॅनन यांनी प्रस्तावना लिहिली आणि तीत आपल्याला यातलं बरंच पटलेलं नाही हेही लिहिलं. परीक्षकांनी प्रबंधात बदल मागितले, ते करून १९२३ साली डी.एस्सी. मिळाली. न पटणारा माणूस समोर बसून ऐकतो, वही हातात घेतो, तिच्यात खुणा करतो. वहीला हात न लावणाऱ्या शिक्षकांपासून इथपर्यंतचं अंतर मला मुंबई-लंडन अंतरापेक्षा मोठं वाटतं. त्या अठरा तासांचं वाचन आपण मोजतो, हा भाग मोजत नाही.

दिव्याखालची गल्ली

लंडनच्या घुमटाची आपली आवृत्ती वरळीला आहे. सुदाम काळू अहिरे मार्ग हे तिचं कागदावरचं नाव. सगळे तिला अभ्यास गल्ली म्हणतात. शेजारी बीडीडी चाळी, १९२०च्या दशकात बांधलेल्या. खोली १६० चौरस फूट. घरात टीव्ही, भाऊबंद, म्हातारी माणसं, पाहुणे. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या इथली मुलं पुस्तक घेऊन रस्त्यावरच्या दिव्याखाली आली. तिला मुंबईच्या जिद्दीचं प्रतीक वगैरे म्हणायची पद्धत आहे. म्हणा, पण आधी ती रामजींच्या खोलीचाच पुढचा मजला आहे हे बघा : जागा घरात नाही, म्हणून रस्त्यावर. २०२५ साली वरळीच्या पुनर्विकासातली पहिली घरं, ५०० चौरस फुटांची, रहिवाशांच्या ताब्यात आली. तीनपट जागा. कोणत्याही अभ्यासाच्या पद्धतीपेक्षा त्या पोरांच्या निकालावर या आकड्याचा परिणाम जास्त होईल असा माझा अंदाज आहे.

पुण्याच्या पेठांतल्या, छत्रपती संभाजीनगरच्या, लातूरच्या अभ्यासिका हीदेखील भाड्याने घेतलेली पाळीच. टेबल, पंखा, दिवा, चार्जिंगचा पॉइंट. घरापासून लांब आलेल्या पोरापोरींना तेवढंही मोलाचं. तिथे भिंतीवर 'शांतता राखा' लिहिलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. पण गल्लीत एक सोय होती जी अभ्यासिकेत नाही : येरझाऱ्या घालत पुटपुटता यायचं, आणि दिव्याच्या खांबाशी उभं राहून 'ए, माझं एक उत्तर ऐक ना' म्हणता यायचं. अभ्यासिकेतून चहाला बाहेर पडाल तेव्हा टपरीवर तरी तेवढं करा. चहाला तशीही वीस मिनिटं जातात.

राहता राहिली एक गोष्ट. अठरा तास अभ्यास केलेल्या या माणसाने कॉलेज काढलं तेव्हा काय केलं? १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि १९४६ च्या जूनमध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू झालं. विद्यार्थी बरेचसे नोकरी करणारे : कारकून, कामगार, घर चालवणारी मुलं. त्यांना जास्त तास काढायला सांगणं शक्य होतं आणि ते सांगण्याचा अधिकार त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाला नव्हता. सिद्धार्थ कॉलेजचे वर्ग सकाळी लवकर भरवले गेले, म्हणजे तास संपवून पोरांना वेळेवर ऑफिस गाठता यावं.